शिक्षणाचे ऋण आणि सोयरिकीतील मौन

शिरूर तालुक्यातील एका लहानशा मंडळीच्या उपदेशक बंधूंचे पत्र आम्हांस आले आहे. पत्र खाजगी आहे. परंतु त्यातील प्रश्न एकट्या त्या मंडळीचा नाही. म्हणून त्यांच्या परवानगीने, आणि कोणाची ओळख पटेल असा सर्व मजकूर गाळून, आम्ही तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

त्यांच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत. दोन एकर जिराईत जमीन, दोन म्हशी, आणि तीन लेकरे. थोरली मुलगी हुशार निघाली. तिने परिचारिकेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरा केला व ती आता दौंड येथे एका खाजगी रुग्णालयात लागली आहे. हातात येणारा पगार १८,००० रुपये. शिक्षणासाठी बँकेकडून चार लाख रुपये काढले होते. मुलीच्या सहीशेजारी बापाचीही सही आहे. हप्ते आता सुरू व्हावयाचे आहेत. इतक्यात दौंडकडील एका भल्या घरातून मुलीस मागणी आली. मुलाचे वडील सोयरीक पक्की करण्यापूर्वी उपदेशकांस भेटून चौकशी करणार, हे ठरलेलेच. तेव्हा मुलीचा बाप आदल्या रात्री त्यांच्या घरी आला आणि म्हणाला, “मास्तर, बाकी सगळं सांगा, पण बँकेचं तेवढं काढू नका. लग्न झाल्यावर पोरगी आपल्या पगारातून फेडीलच की.”

आमचे बंधू विचारतात : जे कोणी विचारले नाही ते न सांगणे हे असत्य होय काय? त्याखाली त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या आहेत. मंडळीतील एक वडील माणूस म्हणतो, की मुळात कर्ज काढले हेच पाप झाले, आता त्याचे फळ भोगा. आणि ती मुलगी स्वतः विचारते, की अठरा हजारांत बँक, घर, देवाचे दान व आपले पोट ही चारही कशी सांभाळावी.

आम्ही शेवटच्या माणसापासून नव्हे, तर त्या वडील माणसापासून आरंभ करितो. कारण त्याचे म्हणणे खरे असेल तर पुढचे दोन्ही प्रश्न उरतच नाहीत.

कोणाचेही देणे अंगावर ठेवू नये, असा पौलाचा बोध आहे, हे आम्ही जाणतो. परंतु शास्त्रात कर्जाच्या ज्या गोष्टी आहेत त्या वाचून पाहाव्यात. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एक विधवा अलीशाकडे रडत येते. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी होता. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर विद्यार्थीच म्हणावयाचा. तो देवभीरू होता असे ती सांगते, आणि त्याच श्वासात सांगते की सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला आहे. देवभीरू माणूस कर्ज ठेवून मेला, याबद्दल अलीशा त्याच्या नावाने एक शब्दही बोलत नाही. तो एवढेच विचारतो, की तुझ्या घरात काय आहे? याच पुस्तकात दोन अध्यायांनंतर संदेष्ट्यांचे शिष्य राहावयास जागा बांधण्यासाठी यार्देनेकाठी लाकडे तोडीत असता एकाची कुऱ्हाड दांड्यातून निसटून पाण्यात पडते. तो ओरडतो तो कुऱ्हाड गेली म्हणून नव्हे. ती उसनी आणलेली होती म्हणून. शिकणाऱ्याने उसने घेतल्याचा दोष येथेही कोणी त्यास दिलेला नाही. त्याने हाक मारण्यास विलंब केला असता, तर मात्र गोष्ट निराळी झाली असती.

तेव्हा कर्ज हे आपोआप पाप नव्हे. परंतु आमच्या वडील माणसांच्या मनात कागदाविषयी जी धास्ती आहे ती उगाच आलेली नाही, आणि तिची कुचेष्टा करणे आम्हांस आवडत नाही. ती याच मातीतून आलेली आहे.

शिरूर तालुक्यात कर्डे म्हणून गाव आहे. १८७४ च्या डिसेंबरात तेथे काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडण्याचा घाट घातला. गावाने सावकारांशी व्यवहार तोडला. कोणी त्यांचे पाणी भरीना, कोणी त्यांची हजामत करीना. ते लोण गावोगाव पसरले. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, बाजाराच्या गावी, शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंड तालुका हा बहुतांशी त्याच जुन्या भीमथडीचा मुलूख होय. त्या दंग्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : लोकांस धान्य किंवा दागिने यांपेक्षा दस्तऐवज हवे होते. ज्या सावकाराने खते व रोखे मुकाट्याने दिले, त्याच्या अंगास बहुधा कोणी हात लावला नाही. कागदांची होळी झाली आणि लोक घरी गेले. कारणे पुष्कळ होती. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, सारा वाढविला गेला, आणि निरक्षर कुणब्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे त्यास कोणी वाचून दाखवीत नव्हते.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस तो लागू झाला. त्यातील एक तत्त्व आम्हांस फार मोलाचे वाटते. न्यायाधीशाने केवळ रोख्यावरील आकडा पाहून निकाल देऊ नये; रोख्याच्या मागे जावे, मूळ देवघेव केव्हा व किती झाली, व्याज किती चढविले, हे सर्व उकलून पाहावे. कागद काय म्हणतो एवढ्यावर न थांबता कागदामागे खरे काय घडले, हे शोधण्याची न्यायालयास आज्ञा झाली.

कर्ज फेडणाऱ्यानेही हाच कायदा आपल्या मनास लावावा, असे आम्हांस वाटते. कागद जाळून ऋण जळत नाही, आणि कागद लपवून ते लपतही नाही. सुप्यात जाळले गेले ते खोट्या हिशोबाचे कागद होते असे आपण म्हणू शकू. पण या मुलीच्या कागदामागे गेले तर काय आढळते? बँकेने चार लाख दिले. महाविद्यालयाने ते घेतले. त्याच्या बदल्यात ती आज शीर शोधून सुई लावू शकते, प्रसूतीच्या वेळी हात न कापता उभी राहू शकते, आणि दर महिन्यास पगार आणू शकते. येथे कोणी कोणास फसविलेले नाही. हे ऋण खरे आहे. आणि जे खरे आहे त्याची लाज बाळगण्याचे कारण काय?

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे, कारण तो आम्ही अनेक मंडळ्यांतून ऐकला आहे. लोक म्हणतात, बँक म्हणजे सरकार, सरकारचा पैसा म्हणजे कोणाचाच नव्हे, आणि आज ना उद्या माफी होईलच. महाराष्ट्रात २०१७ व २०१९ साली कर्जमाफी झाली हे खरे. पण त्या शेतीच्या कर्जासाठी होत्या, शिक्षणकर्जासाठी नव्हत्या. आणि बँकेचा पैसा कोणाचा नव्हे, हे तर साफ चूक आहे. उसाचे बिल आल्यावर एखादी विधवा त्यातून मुदतठेव ठेवते, निवृत्त शिक्षक आपली पुंजी ठेवतो. त्यातूनच या मुलीस कर्ज मिळाले. जो तरुण कमावता असून माफीची वाट पाहत हप्ते थकवितो, तो न पाहिलेल्या एका म्हातारीच्या पदरातून पैसे काढतो. शिवाय त्याचे नाव पतनोंदीत खराब होते, तसेच शेजारी सही करणाऱ्या बापाचेही होते. पुढे धाकट्या भावास कर्ज मागावयाचे झाले म्हणजे ते उघडकीस येते.

आता हिशोबाकडे येऊ. हिशोब हा धर्माच्या पानावर शोभत नाही असे कोणास वाटेल. पण आमच्या समजुतीप्रमाणे निम्मे असत्य हिशोब न केल्यामुळेच जन्मास येते.

समजा, चार वर्षांच्या आरंभी दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख उचलले आणि व्याजाचा दर शेकडा १० आहे. शिकत असता आणि त्यानंतर साधारण एक वर्षपर्यंत हप्ता मागत नाहीत. परंतु व्याज थांबत नाही. ते या काळात साध्या व्याजाने चढते. चार वर्षांत एक लाख आणि पाचव्या वर्षी चाळीस हजार, म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच देणे ५,४०,००० झालेले असते. आमच्या गावातील बहुतेक बापांस हा आकडा प्रथम बँकेच्या नोटिशीतच कळतो, आणि त्यांस वाटते की आपणांस लुबाडले. लुबाडले नाही, सांगितले नाही, अथवा सांगितले ते समजले नाही.

हे ५,४०,००० दहा वर्षांत फेडावयाचे तर महिना सुमारे ७,१३६ रुपये पडतात. पंधरा वर्षांत फेडावयाचे तर सुमारे ५,८०३. दुसरा हप्ता हलका दिसतो, परंतु दहा वर्षांत एकूण सुमारे ८,५६,००० द्यावे लागतात व पंधरा वर्षांत सुमारे १०,४४,५००. पाच वर्षांच्या सवलतीची किंमत जवळजवळ १,८८,००० रुपये. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, की एका वेळी मुदलाहून अधिक व्याज वसूल करू नये. तो येथे लागत नाही, कारण व्याज थकत नाही, महिन्याच्या महिन्यास भरले जाते. तरीही चार लाखांवर साडेसहा लाखांच्या जवळ व्याज, हे ऐकून आजोबांच्या मुद्रेवर काय उमटले असते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मुलीने आपला खर्च लिहून धाडला आहे. मैत्रिणींसमवेत खोलीच्या भाड्याचा वाटा २,५००, जेवण ३,५००, जाण्यायेण्याचा व फोनचा खर्च १,०००, घरी ३,०००. त्यात दहा वर्षांचा हप्ता मिळविला तर १७,१३६ होतात आणि ८६४ रुपये उरतात. दुखणे, कपडा, चपला, रविवारचे दान, सर्व त्यात. हे चालणार नाही. चालेल असे जो तिला सांगेल, तो तिला दोन महिन्यांनी मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या दारी उभा करील. आणि त्या दारातून आत गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

म्हणून आमचा सल्ला असा की मुदत पंधरा वर्षांची मागून घ्यावी. शिक्षणकर्जाच्या योजनेत इतकी मुदत मिळू शकते, मात्र ती हप्ते थकण्यापूर्वी मागावी, थकल्यावर नव्हे. तेव्हा महिना २,१९७ रुपये उरतील. त्यातून प्रथम तीन हप्त्यांइतकी रक्कम वेगळी साठवावी आणि तिला हात लावू नये. ती साठल्यावर दर महिन्यास हप्त्याहून एक हजार अधिक भरावे. एवढ्या एका हजाराने पंधरा वर्षांचे कर्ज अकरा वर्षांच्या आत संपते आणि सुमारे दीड लाख रुपये वाचतात. बदलत्या व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जावर, ते मुदतीपूर्वी फेडले म्हणून बँकेने दंड घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१४ पासून दंडक आहे. पगार वाढेल तसा हा हजार दोन हजार करावा. राहणी त्यानंतर वाढवावी.

ज्यांची मुले अद्याप शिकत आहेत, त्यांनी दोन गोष्टी आजच विचारून घ्याव्यात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जावर शिकतानाच्या काळाचे व्याज केंद्र सरकारने भरण्याची योजना २००९ पासून आहे. तिच्या अटी आहेत, पण त्यांत बसणारे पुष्कळ लोक केवळ अर्ज न केल्यामुळे मुकतात. आमच्या उदाहरणात ही मदत मिळती, तर देणे ५,४०,००० न होता ४,००,००० राहते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५,२८६ येतो. दुसरे, राज्य सरकारने २०२४ साली इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल इत्यादी घटकांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींस ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ केले. मात्र प्रवेश सरकारी प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घाईने घेतलेला प्रवेश या ठिकाणी महाग पडतो. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास जमीन किंवा घर तारण देण्याची गरज पडू नये, यासाठी २०१५ पासून सरकारी हमीची व्यवस्था आहे. जमिनीचा उतारा घेऊन खाजगी सावकाराकडे धावण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे. विनापरवाना सावकारी २०१४ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळविण्याचा मार्गही त्यात आहे.

घरी पाठविण्याच्या तीन हजारांविषयी मात्र गणित पुरत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापुरास शिकत होते तेव्हा त्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांस महिना १५ रुपये पगार होता, आणि त्यातील ८ रुपये ते धाकट्या भावास पाठवीत. या आठ रुपयांचा रोखा कोणी लिहिला नाही. पुढे गोखले पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक झाले. अशा माणसाने घरी काय द्यावे, हे कोणता कायदा ठरविणार? घरचे ऋण बँकेच्या ऋणासारखे नव्हे. बँकेचे ऋण एके दिवशी संपते, आणि बँक म्हणते, तुमचा आमचा संबंध संपला. घरचे कधी संपत नाही. आणि नेमके म्हणूनच ते हप्त्यांनी मागता येत नाही. जो बाप मुलीस सांगतो, की तुझ्यावर इतके घातले, आता इतके काढीन, त्याने तिला लेक न मानता गोठ्यातील जनावर मानले. तसेच जी मुलगी म्हणते, बँकेचा हप्ता भरला की माझे कोणाला काही देणे नाही, तिनेही हिशोबात चूक केली. आमच्या मते या मुलीने घरी जे पाठवावयाचे ते पाठवीत जावे, परंतु रक्कम तिने ठरवावी. आणि ज्या महिन्यात हप्ता व घर यांचा मेळ बसणार नाही, त्या महिन्यात हप्ता आधी भरावा. हे कठोर वाटेल. परंतु हप्ता चुकला तर बँक शेवटी बापाच्याच दारी येते, तेव्हा हप्ता भरणे हेही घरी पाठविणेच आहे. दशमांशाविषयी तिने विचारले आहे. अलीशाने त्या विधवेस सांगितलेला क्रम आठवावा : तेल विक, देणे फेड, उरलेल्यावर तू व तुझी मुले जगा. दुसऱ्याच्या पैशातून दान देता येत नाही. तिने आपणास जमेल ते द्यावे, आणि मंडळीने तिचे पाकीट मोजू नये.

आणखी एका प्रकारच्या ऋणाचा उल्लेख करितो. तेथे फेड पैशाने नव्हे तर चाकरीने करावयाची असते. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला, की परदेशातील शिक्षणासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन. १९१७ साली ते बडोद्यास आलेही. परंतु जातीमुळे त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांस बाहेर काढण्यात आले, कचेरीत शिपाई कागद दुरून फेकीत. ते बडोदे सोडून गेले. करार त्यांनी मोडला की बडोद्याच्या लोकांनी? कागदाकडे पाहिले तर एक उत्तर येते, कागदामागे पाहिले तर दुसरे. पुढे १९२० साली लंडनास जाताना त्यांनी नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. आज आमच्या परिचारिका व डॉक्टर मुलांकडूनही अशी बंधपत्रे लिहून घेतात. सही करण्यापूर्वी वाचावे, प्रत मागून घ्यावी, आणि आपली मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात ठेवू नयेत, एवढेच येथे सांगतो. करार केला तर पाळावा. पण ज्या मालकाने पाळणे अशक्य केले, त्याच्यापुढे अपराध्यासारखे उभे राहू नये.

आता उपदेशक बंधूंच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. तो प्रश्न आम्ही टाळीत होतो असे कोणी म्हणेल, तर ते सर्वस्वी खोटे नव्हे. कारण त्या बापाचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढे आहे.

न विचारलेले न सांगणे नेहमीच असत्य नसते. मुलीस लहानपणी फिट येत असे आणि ती पंधरा वर्षांपूर्वी बरी झाली, हे प्रत्येक पाहुण्यास सांगत सुटण्याचे कारण नाही. शेजाऱ्याचे भांडण, भावाचे नापास होणे, यांवर पांघरूण घालणे पुष्कळदा प्रीतीचे काम असते. मग फरक कोठे पडतो? आम्हांस असे वाटते, की ज्या गोष्टीचे ओझे ऐकणाऱ्याच्या खांद्यावर येणार आहे, ती त्याच्यापासून लपविण्याचा आपणांस अधिकार नाही. ही मुलगी त्या घरात जाईल, तेव्हा दर महिन्यास तिच्या पगारातून सुमारे सहा हजार रुपये जातील, आणि ते पंधरा वर्षे जातील. नवऱ्याने सही केलेली नसल्यामुळे कायद्याने तो बांधलेला नाही. परंतु जेवणाचे ताट एकच असते. तो आपल्या घराचा हिशोब तिच्या पूर्ण पगारावर मांडील आणि पहिल्याच महिन्यात तो चुकेल. त्या दिवशी मुलीस एकटीने उत्तर द्यावे लागेल. बाप शिरूरकडे असेल, उपदेशक मंदिरात असतील, आणि ती स्वयंपाकघरात.

आणि उपदेशकांचे मौन बापाच्या मौनासारखेही नाही. मुलाचा बाप त्यांच्याकडे येतो तो ते खरे सांगतील म्हणूनच. ज्याच्या तोंडाकडे विश्वासाने कोणी पाहत आहे, त्याचे गप्प राहणे हेच बोलणे असते.

तथापि बापाच्या मागे बापाची गोष्ट उघड करावी, असेही आम्ही म्हणत नाही. ते कर्ज उपदेशकांचे नाही, आणि ती बातमीही त्यांची नाही. त्यांनी त्या गृहस्थांकडे परत जावे आणि स्पष्ट सांगावे : मी खोटे बोलणार नाही व दडविणारही नाही, मला कोणी विचारील तर ‘ते तुम्ही मुलीच्या वडिलांसच विचारा’ एवढे मी म्हणेन, आणि तेवढ्याने ते समजतील. त्यापेक्षा तुम्ही स्वतः, मुलीस जवळ बसवून, बँकेचे पुस्तक पुढे ठेवून सांगा. मुलीस विचारल्यावाचून तर काहीच करू नये. पत्रात बापाचे बोलणे आहे, पाहुण्यांचे आहे, मंडळीतील वडिलांचे आहे; ही गोष्ट लपवावी की सांगावी याविषयी ज्या मुलीचे ऋण व जिचे लग्न, तिचे एक वाक्य नाही. आम्ही पत्र दोनदा वाचले, म्हणून खात्रीने लिहितो.

सोयरीक मोडेल काय? मोडू शकेल. तसे होणार नाही असे आश्वासन आम्ही देत नाही. परंतु मंडळीस येथे काही करता येण्यासारखे आहे. त्या विधवेच्या गोष्टीत शेजाऱ्यांनी तेल दिले नाही, त्यांच्याजवळ कदाचित नव्हतेही; त्यांनी रिकामी भांडी उसनी दिली. आपल्या मंडळ्या गरीब आहेत, कोणाचे चार लाख फेडू शकणार नाहीत, आणि मंडळीने सावकार होऊही नये. पण लग्न एका दिवसात, मंडपाचा व वाजंत्रीचा दुसरा कर्जडोंगर न करता, प्रार्थनामंदिराच्या अंगणात साध्या जेवणाने होऊ शकते, आणि त्यास कोणी नावे ठेवणार नाही इतके वडील मंडळी ठरवू शकतात. एखाद्याचे कर्ज कळल्यावर ते पाणवठ्यावर न नेणे, हेही रिकामे भांडे देण्यासारखेच आहे. दौंड तालुक्यातच केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींस विणकाम, छापखाना, दूधदुभते अशी कामे शिकविली. हातात विद्या असलेली स्त्री कोणाच्या दारी आश्रित म्हणून उभी राहू नये, हा त्यांचा हेतू होता. आज ती विद्या हातात येताना तिच्याबरोबर एक कर्जाचे पुस्तकही येते. म्हणून विद्येची किंमत उणी होत नाही, आणि मुलीचीही नाही.

हा लेख छपाईस देण्याच्या बेतात असता उपदेशक बंधूंचे दुसरे पत्र आले. ते त्या गृहस्थांकडे गेले होते. बाप प्रथम रागावला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी रजा घेऊन दौंडहून आली, आणि पाहुण्यांपुढे तिनेच बँकेचे पुस्तक उघडून ठेवले. मुलाच्या वडिलांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिले, व्याजाचा दर विचारला, चहा घेतला, आणि घरी विचारून कळवितो असे म्हणून ते गेले. अद्याप काही कळविलेले नाही. पंधरा वर्षांच्या मुदतीचा अर्ज बँकेत दिला आहे, आणि पहिला हप्ता या महिन्याच्या पाच तारखेस भरला.